शुद्ध केलेले हात

एकाही हातावर फोड नव्हता. पलूसजवळच्या त्या गावात आठवड्यापूर्वी मी पोरांना देवी काढून गेलो होतो आणि आज तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब बरोबर होते. बाकीच्या आळ्यांत पोरांच्या दंडांवर टपोरे फोड आले होते. या एका आळीत मात्र सगळे दंड कोरे.

"लस उन्हात मारलीस तू," साहेब म्हणाले. "रिपोर्ट करावा लागेल."

"भांडं तेच, लस तीच, साहेब. शेजारच्या आळीत रुजली की."

देवी काढणं म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणं. कागदोपत्री आम्ही व्हॅक्सिनेटर, लोकांच्या तोंडी देवीडॉक्टर. लस काचेच्या बारीक नळ्यांत यायची. त्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यातून मी सायकलवर न्यायचो. दंडावर थेंब टाकायचा आणि गोल सुई फिरवून कातडी जराशी खरवडायची. थेंबात विषाणू असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण जिवंत असतो. देवीच्या विषाणूचाच, पण गरीब स्वभावाचा भाऊबंद. तो कातडीत रुजला की फोड येतो, आणि त्याच्याशी झुंजताना शरीर खऱ्या देवीशी लढायला शिकतं. फोड नाही म्हणजे लस रुजली नाही. पोर उघड्यावर. आणि तेव्हा कृष्णेपलीकडे देवीची साथ होती. तिकडची माणसं बाजाराला अलीकडे येतच होती.

बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या. शेवटी तानूबाई पुढे आल्या. आळीतलं थोरलं माणूस. लहानपणी आलेल्या देवीनं त्यांचा एक डोळा नेला होता, पुढं तशाच साथीत पोटची दोन लेकरं. उरलेला एक लेक पलटणीत, लढाईवर. त्याचा मुलगा सर्जा त्यांच्या कडेवर होता.

"आजी, पोरांचे हात धुतले होते का?" मी विचारलं.

"धुतलं न्हाईत. शुद्ध केलं. तुमी गेल्याबरुबर, गोमूत्रानं. मीच करायला लावलं समद्यास्नी."

"का पण?"

"तुमचं औषीद वासराच्या अंगातनं काडत्यात म्हनं. गाईचं पाप पोरांच्या अंगाला कशाला? आता खरं सांगा, काडत्यात का न्हाई?"

साहेबांनी मला डोळ्यानं खुणावलं, नाही म्हण. पण या बाईशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"खरं आहे, आजी."

आळीत कुजबुज सुरू झाली. लस का रुजली नाही ते मला कळलं होतं. थेंब वाळायच्या आधीच चोळून धुतला गेला होता. मी घाईघाईनं समजावू लागलो. म्हटलं, तुमच्या लेकाला आधी कवायत शिकवली, मग लढाईवर धाडलं. लस म्हणजे शरीराची कवायत.

"कवायत ठावं हाय मला," तानूबाई म्हणाल्या. "वासराचं बोला. त्याचं काय हुतं म्होरं?"

"त्याच्या पोटाच्या कातडीवर लस वाढवतात. तिथं फोड येतात. आमच्याकडं ते वासरू बरं होऊन गोठ्यात परत जातं."

"फोड येत्यात? देवीवानी?"

"तसेच."

 तानूबाई सर्जाचा कोरा दंड चाचपत राहिल्या. मग बायकांकडं वळल्या.

"आगं, मंग ती गाईची देवी झाली की. देवी अंगावर असताना आपन पोराला पानी लावतो का?"

बायकांनी माना हलवल्या. देवी आलेल्या घरी खपली पडेपर्यंत अंघोळ नाही, फोडणी नाही, दाराला कडुलिंब. ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली.

"मंग आपलंच चुकलं. देवीडाक्टर, सुई काडा. आमच्या सर्जापास्नं सुरू करा."

मी पेटी उघडली. साहेब कानाशी पुटपुटले, "भलतीच समजूत पसरेल ही."

"पसरू दे, साहेब. हात तर कोरडे राहतील."

साहेब हसले नाहीत, पण रिपोर्टाचं पुन्हा बोललेही नाहीत.

पुढच्या तपासणीला गेलो तर आळीच्या दारोदारी कडुलिंबाचे डहाळे. कुणाच्या चुलीवर फोडणी नाही. पोरं मळकट, नाकं वाहती, आणि प्रत्येक दंडावर फोड. एवढी सुंदर घाण मी नोकरीत दुसरीकडे पाहिली नाही.

साथ आली. बाजाराच्या वाटेनंच आली आणि आसपासच्या वस्त्यांत पोरं दगावली. तानूबाईंच्या आळीत एकही नाही. साथ ओसरल्यावर गेलो, तर सर्जा अंगणात रांगत होता. माझे डोळे भरून आले. मी सायकलची चेन बघत असल्याचं सोंग केलं.

खपल्या पडल्यावर तानूबाईंनी देवीची बोळवण केली होती, दहीभाताचा नैवेद्य दाखवून. आता मी दिसताच त्यांनी पुन्हा दहीभात कालवला आणि पत्रावळीवर दोन मुदी घातल्या.

"दुसरी कुणाची?"

"त्या वासराची. त्येला कुटं धुंडू मी? तुमीच खावा त्येच्या वाटचं."

खाल्लं. सरकारनं मला पगार दिला, पेन्शन दिली, पण माझ्या कामाची किंमत कळली ती त्या दुसऱ्या मुदीनं. तानूबाईंचे उपकार मी विसरलो नाही. पुढं कुठल्याही गावात गेलो की पेटी उघडण्याआधी घरातल्या म्हातारीशेजारी बसायचो आणि विचारायचो, "आजी, देवी आल्यावर तुमच्यात काय काय करत नाहीत?" उरलेलं व्याख्यान बहुतेक वेळा द्यावं लागलं नाही.