घरच्याच माणसांची खीर

हल्लीच्या समारंभांत गोड पदार्थ खाण्यासाठी नसतो, दाखवण्यासाठी असतो. पाच प्रकारांची ऐट असते. त्यांपैकी तीन एकाच पाकाच्या पिंपातून बाहेर पडलेले असतात. काचेच्या इवल्याशा वाटीत बोटभर काहीतरी थरथरत असते आणि वाटी दुसऱ्यांदा पुढे करणाऱ्याकडे टोपीवाला वाढपी असा पाहतो, की माणसाने आपण निमंत्रित आहोत की घुसखोर याचा खुलासा करावा. तक्रार कोणाकडे करायची, हा प्रश्नच असतो. कारण यजमान स्वतःच पाहुण्यासारखा सोफ्यावर बसवलेला असतो.

अशा काळात कोपरच्या मालनताई सूर्यवंशी यांच्यासारख्या बाईची गुणवत्ता वाया जायची. ती गेली नाही. त्याचे श्रेय एका शब्दाच्या घोटाळ्याला द्यावे लागते.

मालनताई मूळच्या जतकडच्या. लग्न होऊन कोपरला आल्या, तेव्हा घरात दोन खोल्या होत्या आणि नळाला पाणी यायचे ते उपकार केल्यासारखे. आता खोल्या तीन झाल्या आहेत. पाण्याचा स्वभाव तोच आहे. नवरा सुदेशराव औद्योगिक वसाहतीतल्या रंगांच्या कारखान्यात. मुलगी रुचिता ठाण्यात नोकरीला. इमारतीत कोणाचेही काही असो, गोडाचे काम मालनताईंकडे यायचे. लोकांचा समज असा, की या बाईला कष्टांची हौस आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. त्यांना कष्टांचा मनापासून कंटाळा होता आणि म्हणूनच गर्दीचे गोड सोपे कसे करावे, याचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला होता. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा रवा त्या आदल्या दिवशी तुपात भाजून ठेवत. सकाळी उकळते पाणी ओतले की काम संपले. हळदीकुंकवाला फळे चिरून थंड दुधात सोडत आणि केळे मात्र पहिली बाई दारात दिसल्यावरच कापत. "दहा माणसांना कौतुक पुरवावं," त्या म्हणत, "पन्नासांना चव पुरवावी. शंभराच्या पुढं नुसता धीर पुरवावा."

तर रुचिताचे लग्न ठरले. मुलगा प्रितम, तिच्याच कार्यालयातला, ठाण्याजवळच्या बाळकुमच्या भोईरांचा. भोईरांच्या मागच्या पिढ्या मिठागरांवर राबल्या आणि भातशेतीत वाढल्या. आता त्या शेतांत उभ्या असलेल्या निवासी बुरुजांना परदेशी नावे आहेत आणि मूळ गावाचे नाव फक्त रिक्षावाल्याला सांगण्यापुरते उरले आहे. साखरपुडा भोईरांच्या दारात व्हायचा होता. जेवण त्यांचे. मालनताईंनी एकच हट्ट धरला. त्यांच्या माहेरी साखरपुड्याचे गोड मुलीची आई स्वतःच्या हाताने करते. लेक द्यायच्या घरी आपला हात आधी पोचावा, अशी त्यामागची भावना. त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे सगुणाबाईंना, फोन लावला.

"गोड माझ्याकडून हं, विहीणबाई. विकतचं नाही. माझ्या हातचं."

"करा की गो बाय! तुमचा हात लागला म्हंजे अजून काय पायजे?"

"माणसं किती धरू?"

"घरचीच. भायेरचा एक पन मानूस नाय."

मालनताईंनी समाधानाने फोन ठेवला. घरचीच, म्हणजे दीर-जावा, नणंदा, मामा-मावश्या. चाळीस झाली, फार तर पन्नास. पन्नासांना चव पुरवायची. त्यांनी बासुंदी ठरवली, दूधवाल्याला सांगितले, चारोळ्या आणल्या आणि चार दिवस अत्यंत सुखात घालवले.

पाचव्या दिवशी रुचिता बाळकुमहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, मांडव मस्त पडतोय. अख्खं मैदान घेतलंय."

"घरच्या माणसांना मैदान कशाला?"

रुचिताने तिथल्या तिथे प्रितमला फोन लावून स्पीकर चालू केला. "अरे, संडेला माणसं किती आहेत?"

"जास्त नाय गं, घरचीच. चारशे, साडेचारशे. कळव्याचे आले तर पाचशे."

"घरची पाचशे?" सुदेशरावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"हां म्हणजे भावकी, बाबा. आणि गावातले. गावातले बाहेरचे कसे असतील?" प्रितमने निरागसपणे विचारले.

इमारतीतल्या शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून वाचणाऱ्या आपल्या संस्कृतीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

"देऊन टाक केटररला," फोन बंद होताच सुदेशराव म्हणाले. "गुलाबजाम सांगू. गोल असतात, मोजायला सोपे."

"आणि तिकडं काय सांगू? माझ्या हातचे म्हणून गुलाबजाम?"

"अगं, कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना." मालनताई उठल्या आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आपण शब्द दिला होता. तो आता फिरवला, तर लेक त्या घरी जाण्याआधी आईचे कच्चे बोलणे जाऊन बसणार होते. भोईर काही म्हणणार नाहीत, हसून सोडून देतील. त्या हसून सोडून देण्याचीच मालनताईंना भीती होती.

मग त्या दिवशी घरात एकेक पदार्थ उभा केला गेला आणि पाडला गेला. पाचशेंची बासुंदी आटवायची, तर दूध आटेपर्यंत बारशाची वेळ यायची. शिरा एवढा करायचा, तर तळाशी लागणार आणि वर गुठळ्या राहणार. श्रीखंडाचा चक्का टांगायला कोपरच्या इमारतीची गच्ची पुरली नसती. जिलेबीला हात बसलेला हवा. फळे घालून दूध करावे, तर माघातल्या दुपारी मांडवात त्याचा काय भरवसा! रुचिता मोबाइलवर "गर्दीसाठी झटपट गोड" शोधत होती. बिस्किटांचा चुरा, डब्यातले दूध आणि चॉकलेट यांखेरीज त्यात काही निघेना.

आणि मग मालनताईंना यात्रा आठवली. माहेरच्या देवाची यात्रा. देवळामागे चुलाण, त्यावर काहील, काहिलीत रटरटणारी खपली गव्हाची खीर. गाव जेवायचे, पंचक्रोशी जेवायची, वाट चुकलेला ट्रकवालासुद्धा जेवायचा, आणि खीर कधी संपल्याचे कोणी पाहिले नव्हते. भिजवा, शिजवा, गूळ घाला, नारळाचे दूध घाला. माणसे वाढली की दूध वाढवा. याहून सोपे गोड पृथ्वीवर नाही.

"खीर?" सुदेशराव म्हणाले. "साखरपुड्यात? लोक विचारतील, कोणाचं श्राद्ध आहे म्हणून."

"ती तांदळाची. ही गव्हाची आहे. गहू हळदीला चालतो, ओटीला चालतो, वाटीत आला की तेवढा अशुभ होतो का?"

त्या भावाशी बोलल्या. दुसऱ्याच रात्री जतहून निघालेल्या बसच्या टपावर कांडून कोंडा काढलेल्या खपलीचे पोते बसले. बासुंदीचे दूध रद्द झाले. राहिली भांडी. मालनताईंनी सगुणाबाईंना बेतानेच विचारले, "जरा मोठा टोप मिळेल का हो तिकडं?"

"मोटा, म्हंजे कवरा? मानूस बसंल यवरा, का दोन मानसा बसतील यवरा?"

"दोन," मालनताई म्हणाल्या.

साखरपुड्याच्या सकाळी खाडीवरच्या नव्या पुलावरून टेम्पो बाळकुमला पोचला. पूल चांगला आहे, हे कबूल करावे लागते. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याने मात्र भिजलेला गहू तिथल्या तिथेच निम्मा पुन्हा कांडून दिला. भोईरांच्या परसात गावकीचे दोन टोप चुलींवर चढवून तयार होते, आणि भोवती बायका. जावा, नणंदा, चुलत्या, शेजारणी. कोणी नारळ खवत होती, कोणी वाटून दूध पिळत होती, कोणी नुसतीच पदर खोचून हुकमाची वाट पाहत होती. मधोमध खाटेवर प्रितमची आजी, रंगूबाई. ऐन उमेदीत मिठागरावर टोपल्या वाहिलेली आणि लग्नघरी धवल्यांची गाणी म्हणायला आजही पहिली बोलावली जाणारी म्हातारी. मालनताईंना वाटले होते, आपण पाहुणी म्हणून कोपऱ्यात उभ्या राहू. त्यांच्या हातात वल्ह्याएवढा कालथा देण्यात आला.

गहू रटरटू लागला. रंगूबाईंनी धवला धरला; लग्नाच्या त्या जुन्या चालीत त्यांनी नवे शब्द बसवले: कोपरची आली विहीण, संगती आणला गहू पाहुणा. बायका हसत हसत मागून म्हणू लागल्या. मालनताई लाजल्या आणि ताल धरून ढवळू लागल्या. गेली कित्येक वर्षे त्या एकट्या ओट्याशी उभ्या राहून शंभरांचे गोड करीत आल्या होत्या; परातीला दुसरा हात लावायला माणूस मिळावा म्हणून दारे वाजवत आल्या होत्या. इथे कालथ्याला तीन हात होते आणि चौथी हात लावायला भांडत होती.

तेवढ्यात सगुणाबाई चिरलेल्या गुळाची परात घेऊन आल्या. उत्साही बाई; उकळी दिसली आणि त्यांनी परात कलती केली.

मालनताईंनी त्यांचे मनगट धरले. गच्च.

गाणे थांबले. वरमाईचे मनगट, तिच्याच परसात, सगळ्या भावकीसमोर, मुलीच्या आईने धरले होते! खवणीवरचा नारळ अर्ध्यावर थांबला. पण मालनताईंनी हात सोडला नाही, कारण गूळ आधी पडला की गहू हट्टाला पेटतो, मग दिवसभर शिजवला तरी मऊ होत नाही, आणि पाचशे माणसे कडक दाणे चावत राहिली असती.

"अजून नाही, विहीणबाई," त्या कशाबशा म्हणाल्या. "आधी मऊ होऊ दे. मग गोड घालायचं."

सगुणाबाईंनी मनगटाकडे पाहिले, मग टोपाकडे, मग मालनताईंकडे. "मना एक सांगा," त्या म्हणाल्या, "पोराची आय मी हाय का तुमी?"

मग खाटेवरून रंगूबाईंचे दात नसलेले हसू फुटले. "ऐक गो सगुने! सुनेला पन आसाच कर. आदी मऊ होव दे, मंग गोर घाल!" आणि परसात असा हशा उसळला, की मांडवातले पुरुष काय झाले म्हणून धावत आले. मालनताईंनी मनगट सोडले. सगुणाबाईंनी परात खाली ठेवून त्यांच्या कंबरेला मिठी घातली.

गहू फुलला, तेव्हा गूळ पडला. मग नारळाचे दूध, सुंठ, वेलची, जायफळ, खसखस, खोबऱ्याचे काप. पहिली वाटी रंगूबाईंना. म्हातारीने डोळे मिटून जिभेवर घोळवली. मालनताई कालथा धरून उभ्या.

"बरी हाय," रंगूबाई म्हणाल्या. "पन मीठ?"

"चिमूटभर घातलंय, आजी."

"आमच्या घरची चिमूट मोटी आसते." त्यांनी स्वतः उठून आपल्या सुरकुतल्या मुठीने मीठ टाकले, ढवळायला लावले आणि पुन्हा चाखली. मालनताईंनीही चाखली. गूळ जागा झाल्यासारखा लागला. "आता दोनी घरांची झाली," म्हातारी म्हणाली.

मग भावकी जेवायला बसली. कळव्याचेही आले आणि त्यांनी येताना कोलशेतचे आणले. प्रितम धावत आला, "आई, अजून दोन पंगती!" तो मालनताईंना आई म्हणाला, हे त्याच्या ध्यानात आले नाही, त्यांच्या आले. त्यांनी हंडाभर नारळाचे दूध टोपात ओतले आणि खीर निमूटपणे वाढली. वाटी कोणीही मोजली नाही. मुले तिसऱ्यांदा आली. एक सद्गृहस्थ जेवण बाजूला सारून केवळ खिरीवर बसले आणि श्राद्धाचा विषय कोणाच्या डोक्यातही आला नाही. सुदेशराव, गुलाबजामांचे पुरस्कर्ते, पंगतीत वाढायला उतरले होते आणि "घ्या हो, घरचीच आहे" म्हणत आग्रह करीत होते.

शेवटच्या पंगतीला एक ठेंगणे गृहस्थ परसात डोकावले. घामाने थबथबलेल्या, कपाळाला राख लागलेल्या मालनताईंकडे बोट दाखवून त्यांनी रंगूबाईंना विचारले, "वयनी, खीर झ्याक! हा केटरर कुठला गो? आमच्या पोरीला पायजे."

"मेल्या, केटरर कसला?" रंगूबाई कडाडल्या. "घरचीच हाय ती."

मालनताईंनी तोंड फिरवून चुलीतले लाकूड उगाचच पुढे सारले. धुराचा बहाणा सोयीचा असतो.

संध्याकाळी टेम्पोत गव्हाची घासलेली भांडी खडखडत होती. टोपाच्या तळाची खरपूस खरवड सगुणाबाईंनी डब्यात भरून दिली होती. ती रुचिता बोटाने खात होती. पुलावर वारा लागला.

"लग्न आता आपल्याकडं," सुदेशराव काळजीने म्हणाले. "त्यांना आपली माणसं किती सांगायची? इमारतीतले सगळे म्हणायचे का? आणि जतचे?"

मालनताई तोवर भावाशी फोनवर बोलत होत्या.

"होय रे, संपली सगळी. ऐक, यंदा खपली किती निघंल? नाही, पोत्यानं नको. ट्रकवाला कोण वळखीचा आहे का, बघून ठेव."