माझ्या जपानी गाडीखाली लिंबू

मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचं वीतभर मॉडेल मी चार महिने खपून जोडलं. सीटबेल्टची बक्कलंसुद्धा चिमट्याने बसवली. दुपारी दोंडाईच्याहून दाजी आले. म्हणाले, "नवी गाडी अन् पूजा नाही?" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवून वरून तळहाताने दाबलंसुद्धा. लिंबू शाबूत राहिलं, पुढचा अ‍ॅक्सल मोडला.

अख्खं घर हसलं. दाजी म्हणाले, "खेळनंच शे ना!" खेळणंच आहे म्हणे!

याच दाजींनी मागच्या महिन्यात त्यांच्या नव्या कारमध्ये मला चपला हातात घेऊन बसायला लावलं होतं.

ती कार आत्ता आमच्या दारात उभी आहे. लिंबूही माझ्याकडेच आहे. वरून दाबायला कोण कोण येतंय?