माहेरचे जंत

आमच्या गल्लीत तिला सगळे डबीताई म्हणतात. आरोग्य केंद्रातून झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या घेऊन ती घरोघर जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भरून परत आणते. कशाने भरून, हे सांगताना तिला कधी लाज वाटली नाही. "शी म्हणजे शी," ती म्हणते. "तिला सॅम्पल म्हटलं म्हणून वास थोडाच जातो?"

त्याआधी ती बेकरीच्या काउंटरवर असायची. मालक म्हातारा झाला, मुलीकडे राहायला गेला आणि बेकरी बंद पडली. त्याच सुमारास केंद्रात एक डॉक्टरीणबाई पोटातल्या जंतांचा अभ्यास करायला आल्या होत्या. एकाच घरात, एकच अन्न खाऊन, एकाला ढीगभर जंत होतात आणि दुसऱ्याला जवळपास होतच नाहीत, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घराघरांत जाऊन डब्या गोळा करणारं माणूस हवं होतं. रोज पाव घेणारी अख्खी वस्ती हिला ओळखत होतीच. नवरा मोटारी दुरुस्त करायचा, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "कालपर्यंत लोकांना खायला देत होतीस, आता त्याचा हिशोब मागायला निघालीस."

ती हसली, पण तिने काम धरलं ते धाकट्या मुलीसाठी. दोन भावांचं एकत्र घर, एक चूल, एक नळ. थोरल्या जाऊबाईंची मुलंही त्याच अंगणातल्या मातीत खेळायची. त्यांना कधीमधी जंत व्हायचे, गोळी दिली की विषय संपायचा. धाकटीला मात्र ते जणू पाचवीलाच पुजलेले. गोळी घेतली की बरी व्हायची, थोड्या महिन्यांत पुन्हा पोट फुगलेलं आणि चेहरा पांढराफटक. सासूबाईंचा निकाल ठरलेला होता. आईचे हात स्वच्छ नसले की लेकराचं असं होतं, हे त्या पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. डबीताई बिचारी पोरीची नखं पार कातडीपर्यंत कापायची, पाणी उकळायची, फरशी घासघासून पुसायची. जाऊबाई स्वभावाने चांगल्या, पण सासूबाईंनी तोंड उघडलं की त्या हळूच स्वयंपाकघरात सटकायच्या.

डब्यांचं काम सोपं नव्हतं. कुणी दारच उघडायचं नाही, कुणी उद्या या म्हणायचं, कुणी डबीत मसाला भरून ठेवायचं. एका शिंप्याने तर कंटाळून आपल्या कुत्र्याचाच ऐवज पाठवून दिला. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकात जंतांची अंडी पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "या गृहस्थांना पाय किती आहेत?" डबीताईची हसून हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी तिने तो प्रश्न जसाच्या तसा शिंप्याला जाऊन विचारला. त्यानंतर त्याची डबी सगळ्यांत आधी यायची.

डॉक्टरीणबाईंना प्रत्येक घरातली नाती हवी असायची. अमकी कोण, तमका कुणाचा, आणि लगेच पुढचा प्रश्न, "रक्ताची की लग्नाची?" आत्या रक्ताची, काकू लग्नाची. मावशी रक्ताची, मामी लग्नाची. दोघींना त्याची इतकी सवय झाली की केंद्राच्या दाराशी मांजर आली तरी एकजण विचारायची, रक्ताची की लग्नाची.

आधी सगळ्या वस्तीला गोळ्या देऊन पोटं साफ केली. काही महिन्यांनी पुन्हा डब्या वाटल्या. ज्यांच्या पोटात पूर्वी खूप जंत होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा खूप झाले होते. शेवटी डबीताईच्या स्वतःच्या घराची पाळी आली आणि सासूबाई अडून बसल्या. या वयात असले चाळे करणार नाही म्हणाल्या. दोन्ही मुलांनी समजावलं, उपयोग झाला नाही. मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या की घराण्याचं मूळ तुम्ही, तुमच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. घराण्याचं मूळ हे शब्द सासूबाईंना आवडले. त्यांनी स्वतः तर डबी दिलीच, शिवाय गावाच्या दुसऱ्या टोकाला चकचकीत घरात राहणाऱ्या आपल्या भावालाही द्यायला लावली.

निकाल ज्याचा त्याला, एकट्याला, दार लावून सांगायचा असा नियम होता. डब्यांवर फक्त आकडे असत, कुणाच्या पोटात किती जंत ते डबीताईलाही कळत नसे. सासूबाई आत गेल्या, ही बाहेर बाकावर बसली. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि घरी न जाता भावाकडे घेऊन चल म्हणाल्या. तिथे बहीणभाऊ आतल्या खोलीत काहीतरी बोलले. सुनेला वाटलं, काहीतरी मोठं दुखणं निघालं.

रात्री सगळे जेवायला बसले होते. सासूबाईंनी ताट जरा पुढे सरकवलं.

"घरात सगळ्यांत जास्त जंत माझ्या पोटात असणार," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्याही पोटात तेवढेच. त्याच्या घरात धुळीचा कण सापडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही अंगांना जंत ओळखून हुसकावता येतात, काहींना येत नाहीत. नाकडोळ्यांसारखं तेही थोडंफार वारशाने येतं. धाकटीला ते माझ्याकडून आलं असावं." मग त्या सुनेकडे वळल्या. "इतकी वर्षं मी तुझ्या हातांना नावं ठेवली. हात चांगलेच आहेत तुझे. रक्त माझं आहे."

त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती. दार लावून सांगितलेलं दाराआडच राहिलं असतं. डबीताईचा नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे आई, हे तुझ्या माहेरचे जंत म्हणायचे." सगळ्यांत आधी सासूबाईच हसल्या.

डबीताई पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि ओट्याला टेकून रडली. जाऊबाई मागोमाग आल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग माझं ते धुणं-पुसणं फुकटच गेलं का. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून तोंडात जातात, ती अडवायलाच हवीत. पण पोटात गेल्यावर किती टिकतात, हे अंगावरही अवलंबून असतं, आणि ते एका जनुकाचं काम नाही, बरीच मिळून ठरवतात. कोणती, ते अजून आम्हीही शोधतोय. तोवर ज्यांचं अंग यात कच्चं आहे, त्यांनी गोळ्या चुकवू नयेत.

तेव्हापासून आजी आणि नात एकाच दिवशी गोळी घ्यायच्या. आजी तोंड वाकडं करायची, नात तिला पाणी द्यायची. वर्षभरात पोरीच्या गालांवर रंग आला. सासूबाई तर वस्तीभर सांगत फिरल्या की आपल्या रक्ताचा अभ्यास चालू आहे. एखादी सासू सुनेच्या हातांना नावं ठेवताना दिसली की त्या मुद्दाम थांबून विचारायच्या, तुमची डबी दिलीत का.

सासूबाई गेल्या, डॉक्टरीणबाईंची बदली झाली. अभ्यास अजून चालूच आहे. धाकटी आता आईपेक्षा उंच झाली आहे आणि जेवताना कामाचं बोलायचं नाही अशी तिने आईला ताकीद दिली आहे. डबीताई दोन घास गप्प राहते. मग कालच्या कुणाची तरी डबी आठवते आणि ती एकटीच हसायला लागते, तेव्हा विचारल्याशिवाय कुणाला राहवत नाही.