तिसऱ्या खिडकीचा रिपोर्ट

"आधी हात धुऊन ये. मासळीचे हात लावतेस, मग मशीन मरतं."

आमच्या गोदामाचा मॅनेजर हे सगळ्यांसमोर बोलला. खिडकीबाहेर सात-आठ ट्रक ड्रायव्हर गेटपाससाठी उभे होते. आत आम्ही चौघी. माझ्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम नुकताच बंद पडला होता आणि तो माझ्या मागे उभा राहून माझ्या हातांबद्दल बोलत होता. बाहेरचा एक ड्रायव्हर हसला. मग दुसरा हसला.

आणि मी उठले. गेले. साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले.

तो काय बोलला यापेक्षा मी गेले याची मला जास्त चीड येते. परत आले तर तो माझा कीबोर्ड सॅनिटायझरने पुसून घेत होता. स्वतः नाही पुसत, सविताकडून. सविता माझ्या शेजारच्या, दुसऱ्या खिडकीवर बसते. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "खुलासा लिही."

खुलासा म्हणजे आमच्याकडचा लेखी माफीनामा. तो सांगणार, आपण लिहायचं. "माननीय साहेब, माझ्या निष्काळजीपणामुळे प्रोग्रॅम बंद पडला. त्याबद्दल मी क्षमा मागते. पुन्हा असे होणार नाही. आपली आज्ञाधारक." खाली सही. तो कागद माझ्या फायलीत जायचा. हा माझा आठवा होता.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तोंडावर अहो-जाहो करावं लागतं, तेवढं पुरे. या माणसाला स्वतःच्या मेलचा पासवर्ड पाठ नाही. चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलाय. प्रिंटरमध्ये कागद अडकला की केबिनमधून हाका मारतो. पण बोलणं ऐका. "लॉजिक लागतं याला. प्रकल्पात जमिनी गेल्या म्हणून यांना नोकऱ्या मिळाल्या, डोकं कुठून मिळणार?" माझ्या घरची एक गुंठा जमीन कधी नव्हती. आम्ही उरणजवळच्या मोरा बंदरातले, मासेमारीवाले. पण पनवेलच्या अलीकडचं-पलीकडचं, हाय-नाय बोलणारं सगळं त्याला एकच.

आई मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकते. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला, गोदामात लागले आणि पनवेलजवळ करंजाड्याला मावशीकडे राहायला आले. नोकरी कायम नव्हती. सहा महिने काम बघणार, मग ठेवणार किंवा घालवणार. ठेवायचं की घालवायचं हे हेड ऑफिस फाईल बघून ठरवणार होतं. आणि माझ्या फायलीत काय होतं? माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने, मी नालायक आहे असं आठ वेळा लिहिलेलं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते मला पटायला लागलं होतं. चार खिडक्या, एकच प्रोग्रॅम, आणि बंद पडायचा फक्त माझ्याकडे. दर वेळी तिसरी खिडकी. मी हळू टाईप करायला लागले. नखं काढली. कामाला निघण्याआधी मावशीकडे लिंबू चोळून हात धुवायचे. मावशीने आईला फोनवर सांगितलं. आईने मला बोलावून घेतलं आणि ओरडली, "त्याच हातान तुला शालेत घातली गो मी! मासलीला वास येनारच. तू लिंबू कशाला चोलतंस? तुला लाज वाटते का माजी?"

त्या आठवड्यात मी लिंबू सोडलं.

आमचा प्रोग्रॅम एका काळ्या पडद्यातून सुरू करावा लागतो. माऊस नाही, चित्रं नाहीत. आज्ञा टाईप करायची आणि एंटर मारायचं. सगळ्या जणी त्या पडद्याला घाबरतात. प्रोग्रॅम मेला की त्यात भराभर इंग्रजी ओळी येतात. आम्ही त्या न वाचता बंद करायचो आणि पुन्हा सुरू करायचो. नवव्या वेळी मी बंद केलं नाही. खुलासा लिहिला, त्याला दिला, तो केबिनमध्ये गेला, आणि मी पहिल्यांदा शेवटची ओळ वाचली. प्रोग्रॅम अचानक थांबला आहे, त्याची नोंद अमुक ठिकाणी ठेवली आहे, कळवायचं असेल तर ही आज्ञा द्या. इतके महिने तिथेच लिहिलेलं होतं.

महिन्यातून दोनदा हमीदभाई मशीनं बघायला येतात. पनवेलचेच, कुवेतला वीस वर्षं हेच काम करून परत आलेले. त्यांना विचारलं, ही आज्ञा मी देऊ शकते का? परवानगी लागते का?

"परमिशन कसली? वापरणाऱ्यासाठीच ठेवलीय ती. तू वापरतेस ना?" ते म्हणाले. मग त्यांनी मला जुन्या नोंदी कशा उघडायच्या ते दाखवलं. नऊच्या नऊ तिथे होत्या. ज्या ज्या दिवशी मी माफी मागितली, त्या प्रत्येक दिवसाची एक.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या वाचल्या. अर्धं कळलं नाही. पण प्रत्येक नोंदीत एक यादी होती: प्रोग्रॅम थांबला तेव्हा हा गेटपास कोणकोणत्या मशीनवर उघडा होता. पहिलं नाव तिसरी खिडकी. बरोबर, तो मीच भरत होते. त्याखाली दुसरं नाव. केबिन.

पुढची नोंद. तिसरी खिडकी, केबिन. पुढची. तिसरी खिडकी, केबिन. नऊ वेळा.

तो माझ्यावर नजर ठेवून होता. आत एसीत बसून, माझा गेटपास स्वतःच्या पडद्यावर उघडून, मी काय टाईप करते ते बघायचा. बाकी तिघींचा कधी उघडला नाही. त्यांच्यावर विश्वास होता. आणि दर वेळी प्रोग्रॅम मेला तो सेव्ह दाबल्यावरच. एकच गेटपास दोन ठिकाणी उघडा असताना एकाने सेव्ह केला की सेव्ह करणाऱ्याचा प्रोग्रॅम मरत होता. नुसतं बघणाऱ्याला काहीच होत नव्हतं. म्हणजे त्याने संशयाने डोकवायचं, त्यामुळे माझं मशीन मरायचं, आणि मग त्याने बाहेर येऊन माझे हात हुंगायचे. वर त्यालाच लॉजिक!

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग इतकी घाण वाटली त्या माणसाची की डबा तसाच बंद केला.

रिपोर्ट लिहायला बसले तर पहिल्यांदा दीड पान शिव्याच लिहिल्या गेल्या. हमीदभाईंनी वाचलं. "गुस्सा काढून टाक, बेटी. तू काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बस्स. आणि पुन्हा करून दाखवता येतं का, ते बघ."

त्या आज्ञेलाही तेवढंच हवं होतं. तीन प्रश्न. काय करत होतात? काय होईल अशी अपेक्षा होती? प्रत्यक्षात काय झालं? नोकरीला लागल्यापासून माझी काय अपेक्षा होती हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तुटक्या इंग्रजीत लिहिलं. मी गेटपास भरला. तो सेव्ह होईल अशी अपेक्षा होती. प्रोग्रॅम बंद पडला. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. त्यात माननीय नव्हतं, क्षमा नव्हती, आज्ञाधारक तर नव्हतंच. त्याशिवायही कागद पुरा होतो हे मला तेव्हा कळलं.

मग करून बघितलं. सविताला म्हटलं, माझा हा गेटपास तुझ्याकडे उघड, हात लावू नको, नुसता उघडा ठेव. तिने उघडला. मी सेव्ह केला. मेला! सविता खुर्चीतून उठलीच. "अगं, मग इतके दिवस..." एवढं बोलून तिने माझा कीबोर्ड आपल्या ओढणीने उगाचच पुसला.

केबिनचं दार उघडलं. आता त्याचा अंगवळणी पडलेला तमाशा. हातात कोरा कागद. "परत? हात धुतले होते का? लिही खुलासा."

"खुलासा देणार नाय," मी म्हटलं. नाय. तसंच आलं तोंडातून आणि मी ते सुधारलं नाही. "रिपोर्ट पाठवतेय. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना. आणि हेड ऑफिसला."

त्याने वाकून पडदा वाचला. पाठवण्याआधी ती आज्ञा जाणारं सगळं दाखवते आणि विचारते, पाठवायचं का? होय किंवा नाही. खाली जुन्या नऊ नोंदीही जोडलेल्या होत्या. केबिन, केबिन, केबिन. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी इतक्या जवळून त्याचा चेहरा कधी बघितला नव्हता. एवढुसा होता. या चेहऱ्याला मी सहा महिने घाबरले?

"बेटा, असं नसतं करायचं," तो म्हणाला. बेटा! "ते केबिनचं काढून टाक त्यातून. बाकी पाठव. तू लेकीसारखी आहेस मला. तुझे नऊच्या नऊ खुलासे फाडतो, आत्ता, तुझ्यासमोर. फाईल क्लीन. कायम होशील."

खिडकीबाहेर ड्रायव्हर उभे होते. आतल्या तिघी बघत होत्या. मला नोकरी हवी होती. खूप हवी होती. नऊ कागद फाटले असते तर मी दुसऱ्या दिवशीच कायम झाले असते, आणि केबिन तशीच राहिली असती, पुढच्या हाय-नाय बोलणाऱ्या मुलीची वाट बघत.

"फाडायचे नाय," मी म्हटलं. "ते तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलेलं खोटं आहे. राहू दे."

आणि होय दाबलं.

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचं उत्तर चार ओळींचं आलं. चूक प्रोग्रॅमची आहे, तपासली, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. झालीही. आता तिसरी खिडकी मरत नाही. हेड ऑफिसने फाईल मागवली तेव्हा मी प्रत्येक खुलाशाला त्या दिवशीची नोंद टाचून दिली. माझी माफी कोणी मागितली नाही. तो अजून केबिनमध्ये आहे. मिजास तीच, फक्त माझ्या खिडकीमागून जाताना पावलं भराभर पडतात.

गेल्या आठवड्यात त्याने हेड ऑफिसचं पत्र माझ्यासमोर टाकलं. कायम करण्याचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला आहे. कारण: वरिष्ठांशी वर्तणूक. खाली छापलेलं, "मला माझी चूक मान्य आहे," आणि सहीसाठी रेघ.

"सही कर आणि विषय संपव," तो म्हणाला.

मी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मी काय केलं, कधी केलं, कोणासमोर केलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. एवढं तर तो काळा पडदासुद्धा विचारतो. मी रेघ कोरी ठेवली आणि पत्र त्याच्या हातात परत दिलं. नोकरी गेली तरी चालेल. जे केलं नाही त्याच्याखाली माझी सही आता कोणाला मिळणार नाही. आधी चूक दाखवा. मग सही मागा.