जॅकमधलं ब्रेक ऑईल

गल्लीत त्यांना इंजिनियरसाहेब म्हणत. साहेबांनी उभी हयात बस डेपोच्या स्टोअरमध्ये काढली होती, म्हणजे तेलाचे डबे खिडकीतून दुसऱ्यांच्या हातात दिले होते. त्यातला एक डबा स्वतः कधी कुठे ओतला नव्हता. पण डब्यांच्या सहवासाने आपल्याला विद्या आली, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती दूर करायची हिंमत घरात एका लेकीखेरीज कुणाला नव्हती, आणि तीही सांगून सांगून थकली होती.

निवृत्तीनंतर त्यांनी चाकांचा लाल जॅक घेतला आणि साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. गल्लीत कुणाची गाडी अडली रे अडली की हे जॅक ओढत हजर. गाडी उचलायची, मालकाला खाली घालायचं आणि आपण उभ्या उभ्या अक्कल शिकवायची.

पुढे जॅकमधलं तेल गळून कमी झालं. लेक म्हणाली, "बाबा, दुकानातून जॅकचं तेल आणते. हायड्रॉलिक ऑईल म्हणून मिळतं."

"कशाला? कपाटात ब्रेक ऑईल पडलंय. ब्रेकमध्ये तेलाचा दाब, जॅकमध्येही तेलाचा दाब. तेल तेच."

"जॅकवरच लिहिलंय, ब्रेक ऑईल घालू नका म्हणून. आतली रबरं फुगून खराब होतात."

"कंपनीवाल्यांना आपलं तेल खपवायचं असतं. तू मला शिकवू नकोस."

ओतलं. आणि नशीबही असं नतद्रष्ट की काही दिवस जॅक झकास चालला. साहेबांनी हा शोध गल्लीभर मिरवला. मग उचललेली गाडी हळूहळू बोटभर खाली यायला लागली. शेजारी कुरकुरले, तर साहेबांनी निकाल दिला, "इथली जमीनच दबते." लोक गप्प बसले, कारण जॅक फुकटचा होता.

एका रविवारी जावयाच्या गाडीचा सायलेन्सर लोंबायला लागला. जावई स्वभावाने भिडस्त, सासऱ्यासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. साहेबांनी गाडी उचलली आणि म्हणाले, "हं, शिरा आत."

जावयाने बायकोकडे पाहिलं. त्या जॅकवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. पण हा भिडेपोटी खाली जाणार, हे तिला दिसत होतं. तो गुडघे टेकून बसलासुद्धा.

"बाबा, तुम्हीच जा ना," ती घाईने म्हणाली. "यांना कुठलं जमतंय? तुमच्या हाताची सर कुणाला नाही."

स्तुती ऐकली की साहेब विरघळलेच. बाह्या सरसावल्या, पाना उचलला, वाकले आणि थबकले. जॅककडे पाहिलं. मग उठून भिंतीजवळचे दोन जाड लाकडी ठोकळे आणले, गाडीखाली नीट सारले आणि हलवून पाहिले. तरी जिवाला स्वस्थता नाही, म्हणून डिकीतलं जादा चाक काढून तेही आडवं टाकलं. एवढा बंदोबस्त झाल्यावर साहेब पाठीवर सरकत आत गेले.

लेक बघत राहिली.

"म्हणजे जॅक खाली बसतो, हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मग यांच्या वेळी ठोकळे नाही सुचले?"

गाडीखालून साहेब म्हणाले, "अगं, जावईबापू तरुण आहेत. चटकन बाहेर आले असते. माझं आता वय झालं."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. आजवर लेकीला बापाचा राग यायचा, कधी हसूही यायचं. आज किळस आली. याच जॅकवर या माणसाने अख्ख्या गल्लीला गाडीखाली घातलं होतं. तिने नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि घरात नेलं.

मागून साहेबांनी मोठा पाना मागितला. पुन्हा मागितला. कुणी दिला नाही.