चालू इंजिनाची बॅटरी

तात्या नेहमी बॅटरीकडे पाठ करून बसत. वर्कशॉपात दुरुस्तीला गवत कापायचं मशीन आलं की त्याची बॅटरी कुठल्या बाजूला आहे ते आधी हेरायचे आणि आपलं स्टूल दुसऱ्या बाजूला ओढायचे. कार्ब्युरेटर द्या, पट्टे द्या, बोथट पाती द्या, त्यांच्या बोटांना इंजिनाची नाडी कळायची. पण बॅटरीचं नाव निघालं की "ते चौकातल्या बॅटरीवाल्याला दाखवा" म्हणून हात झटकून मोकळे.

कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरुणपणी ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादांची एक रीत होती. चार्जिंग नीट आहे का हे बघायचं, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल, म्हणजे तारेची पट्टी, उचलायचं. इंजिन बंद पडलं तर चार्जिंग गेलं, चालू राहिलं तर ठीक. मीटर नको, वेळ नको. धंद्यातले सगळेच तसं करत आणि तात्यांनीही ते कितीदा केलं होतं. एके दिवशी त्यांनी टर्मिनल उचललं, बारीकशी निळी ठिणगी पडली आणि बॅटरी फुटून आतलं ॲसिड तोंडावर उडालं. आवाज त्यांना आठवत नाही. आठवतं ते हौदात बुडवलेलं स्वतःचं डोकं आणि मानेवर कुणाचा तरी घट्ट दाबलेला हात. उजवा डोळा वाचला. डाव्यावर तेव्हापासून दुधी काचेसारखा पडदा आहे.

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," ते गिऱ्हाइकांना सांगत. "माझ्या वेळी देवाचा हात जरा आखडला."

हा विनोद घरात चालत नसे. घर म्हणजे वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या. मधल्या दारात उभी राहून बायको म्हणायची, "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमच्याकडे पाणीसुद्धा फुंकतात."

लेक कोर्स करून वर्कशॉपात बसायला लागली, तेव्हा पहिला वाद बॅटरीवरूनच झाला.

"तात्या, आता बॅटरीशिवाय काय चालतं? निम्मी गिऱ्हाइकं आपण हातानं चौकात पाठवतो."

"पाठवतो ना. जाऊ दे."

"ती एक बॅटरी फुटली म्हणून..."

"एकच पुरते, बाई."

तिनं ऐकलं नाही. मीटर आणलं, रबरी हातमोजे आणले, डोळ्यांवर बसणारा जाड चष्मा आणला. ती एखादी बॅटरी उघडायला घेई तेव्हा तात्यांना काहीतरी आणायला बाहेर जायचं असे. ते जात मात्र कुठेच नसत. शटरच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहत आणि आतला प्रत्येक आवाज ऐकत. लेकीला लहानपणापासून वाकून बघायची खोड होती. वाचताना पुस्तकात नाक, शिवताना सुईत नाक. आईनं लाख वेळा टोकलं होतं. बाहेर उभ्या तात्यांना आतलं काही दिसत नसे, तरी ती आता किती वाकली असेल ते दिसत असे. आत पाना फरशीवर पडला की पाठोपाठ तिचं "अगं बाई" ऐकू येईपर्यंत ते शटरची कड सोडत नसत.

एका दुपारी मोठ्या बागेचे माळीबुवा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर टेम्पोतून घेऊन आले. ट्रॅक्टर जुना होता. रंग उन्हानं खाल्लेला, सीटचं रेक्झिन चिकटपट्टीनं बांधलेलं. माळीबुवा स्वतःही तसेच, उन्हानं रापलेले आणि तोंडानं चालू.

"ताई, नवी बॅटरी घातली, तीही मरायला टेकली. आणि पाणी अशी पिते की म्हशीनं लाजावं."

"आवाज येतो का आतून?"

"खदखदते. आमच्या घरच्या मंडळींसारखी. तोंडानं काही बोलायचं नाही, आतल्या आत खदखदायचं."

लेक हसली. दारातून तिची आईही हसली. तात्या हसले नाहीत. सीट उचलली गेली आणि खालून नासक्या अंड्यासारखा वास आला. तो वास त्यांच्या ओळखीचा होता. जास्त चार्ज झालेली बॅटरी असा वायू सोडते. त्याला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. त्यांनी स्टूल सोडलं. पण या वेळी पाय शटरबाहेर गेले नाहीत, उंबऱ्याशीच थांबले.

लेकीनं चष्मा चढवला आणि इंजिन बंद असतानाच आधी मीटर लावलं. बारा व्होल्टच्या थोडं वर. "बॅटरीत अजून जीव आहे," ती म्हणाली. मग एकेक बूच उघडलं. पाणी इतकं खाली गेलं होतं की आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या. तिनं त्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी घातलं, बुचं लावली आणि इंजिन सुरू केलं.

पत्र्याच्या छताखाली आवाज घुमला. मीटरवरचा आकडा तेरावर आला, चौदावर आला. तिथं थांबायला हवा होता. तो थांबला नाही.

"पंधरा!" ती ओरडली. "सोळा! तात्या, बॅटरी चार्ज होत नाही असं नाही, अति होतेय. रेग्युलेटर गेलाय!"

दोष सापडल्याचा आनंद तिच्या आवाजात होता. चष्म्याच्या काचांवर आतून वाफ धरली होती. तिनं तो सरकवून कपाळावर ठेवला आणि आकडा नीट दिसावा म्हणून वाकली.

"मीटर ठेवा बाजूला, ताई," माळीबुवा इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाले. "आमची साधी रीत दाखवतो." त्यांचा हात टर्मिनलकडे गेला. पाना घ्यायची गरजच नव्हती. ती पट्टी मुळात ढिलीच होती.

तात्या ओरडले. निदान त्यांना वाटलं, आपण ओरडलो. कुणी वळून बघितलं नाही. समोर लेकीचा उघडा चेहरा, त्याच्या खाली खदखदणारी बॅटरी आणि टर्मिनलवर टेकलेली बोटं. क्षणभर त्यांना खरोखर बाहेर पळावंसं वाटलं, आणि ते तसं वाटणंही त्यांना स्वच्छ कळलं. मग ते आत धावले. एका हातानं किल्ली फिरवली आणि दुसऱ्या हाताचा पंजा लेकीच्या चेहऱ्यावर दाबून तिला मागं लोटलं.

इंजिन थांबलं. माळीबुवांच्या हातात टर्मिनल तसंच उचललेलं होतं. काहीच झालं नाही. फक्त बॅटरी बारीक आवाजात उकळत राहिली.

"काय झालं, तात्या?" माळीबुवा गोंधळून म्हणाले. "मी तर रोज सकाळी करतो हे."

"रोज?"

"रोज! टर्मिनल उचलायचं. इंजिन चालूच राहतं, म्हणजे चार्जिंग ठणठणीत."

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालावर ग्रीसची चार बोटं उमटली होती. "ते चालूच राहणार, बुवा," ती हळू म्हणाली. "या इंजिनाची ठिणगी त्याच्या स्वतःच्या मॅग्नेटोतून येते. बॅटरी काढा नाहीतर ठेवा, त्याला फरक पडत नाही. चार्जिंगला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरला मात्र दर वेळी दणका बसतो. तो जळाला, म्हणून बॅटरीत नको तेवढा करंट जायला लागला, आणि..."

माळीबुवांनी टर्मिनल अलगद सोडलं, झोपलेल्या सापाजवळून हात काढावा तसं. मग तोच हात ते आपल्या पापण्यांवरून फिरवत बसले.

लेकीनं मीटर उचललं. तिनं त्याची तार गुंडाळून ठेवली. बॅटरीकडे न बघता ती म्हणाली, "तात्या, हे चौकात पाठवू या. आपल्याला नको."

हेच वाक्य तिच्या तोंडून निघावं म्हणून तात्यांनी किती वाट बघितली होती. आता ते ऐकलं आणि त्यांना ते नकोसं झालं. लेकीनं स्टूल ओढलं होतं. ट्रॅक्टरच्या पलीकडे, बॅटरीकडे पाठ होईल असं. ती कशी बसते आहे ते त्यांच्या ओळखीचं होतं. पुढची सगळी वर्षं ती तशीच बसणार होती, आणि ती बसायची सवय त्यांनीच तिला लावली होती.

"बुवा, हात लावा," ते म्हणाले.

दोघांनी ट्रॅक्टर ढकलत उघड्यावर नेला. सीट वर करून ठेवली. वास विरेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही, असं तात्यांनी बजावलं. माळीबुवा आज्ञाधारकपणे इतके लांब गेले की बायको म्हणाली, "अहो, गावाबाहेर कशाला जाताय? चहा टाकलाय." माळीबुवा चार पावलं परत आले.

वारा फिरला. वास गेला. तात्यांनी पाना घेतला. लेक उठली नाही.

"चष्मा घाल," ते म्हणाले.

"तुम्ही नका हात लावू, तात्या."

"म्हणून तर म्हणतो, चष्मा घाल आणि इकडे ये. आधी कुठलं टर्मिनल काढायचं?"

"निगेटिव्ह."

"मग धर पाना. माझा हात कापतोय."

ती आली. तिनं पाना धरला आणि त्यांनी तिचं मनगट. कोण कुणाला धीर देतंय ते दारातून बघणाऱ्या आईला सांगता आलं नसतं. निगेटिव्ह सुटलं, मग दुसरं. फुगलेली बॅटरी माळीबुवांनी दोन्ही हातांवर तान्हं मूल घ्यावं तशी उचलून कडेला नेली. भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर लेकीनं मीटरनं तपासून घेतला. तो बसायची जागा गंजली होती, अर्थिंग लागावं म्हणून ती उजळ पत्रा दिसेपर्यंत घासली. दुसरी बॅटरी जोडली. पट्टी आवळताना ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा तिनं स्वतःच पाना पुन्हा लावला.

"मी सुरू करते. तुम्ही मागं व्हा."

"होतो."

ते झाले नाहीत. इंजिन सुरू झालं. तेरा. साडेतेरा. आकडा चौदाच्या वर जरासा गेला आणि तिथं थांबला. लेकीचा हात किल्लीकडे गेला.

"लगेच बंद करू नकोस," तात्या म्हणाले. त्यांनी मडगार्ड घट्ट धरलं होतं. "अजून थोडा वेळ बघ."

आणि दोघं बघत राहिली, वाकून, एकमेकांच्या डोक्याला डोकं लागेल इतकी.