न्यूयॉर्कचं मत आणि पोतनिसांच्या माई

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ते स्टाफरूममधल्या छत्र्यांसारखे असतात. कोण ठेवून गेलं ते आठवत नाही, पण दर साली एक-दोन वाढलेल्या असतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आता केस पिकले आणि छत्र्या कोपऱ्यात मावेनात. त्यातल्या पोतनीस बंधूंच्या तेवढ्या आज उघडतो. तिखट-मीठ माझं असेल, भाजी त्यांचीच.

*

थोरले पोतनीस इतिहास शिकवायचे, धाकटे गणित. दोघांच्या खुर्च्यांत चार हात अंतर, आणि बोलणं बंद. संस्थान विलीन झालं त्या दिवशी थोरल्यांनी घरात चूल पेटू दिली नाही आणि धाकट्यांनी बाड्याच्या चौकात पेढे वाटले. त्यातला एक घरी येऊन थोरल्यांच्या हातावर ठेवला. झालं. महिन्याभरात दोन बिऱ्हाडं झाली.

बोलायचं ते माझ्या मार्फत. थोरले म्हणायचे, "मास्तर, गणितवाल्यांना सांगा, खिडकी लावा, वारा येतोय."

मी वळायच्या आत धाकटे म्हणायचे, "इतिहासवाल्यांना सांगा, वारा बदललाय, तो यायचाच."

मी कोणालाच काही सांगायचो नाही. उठून खिडकी लावायचो.

*

त्यांच्या आई, माई, पंचाहत्तरीच्या. मध्य भारताचं सरकार तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. माईंचीही वाटणी तशीच. थंडीत थोरल्यांकडे, गोरखी महालाच्या मागे. गर्मीत धाकट्यांकडे, बाड्याच्या पलीकडे. स्टाफरूममध्ये आम्ही हळूच विचारायचो, "काय, राजधानी हलली का?"

हे माईंच्या कानावर गेलंच. मला थांबवून म्हणाल्या, "मास्तर, सरकार हलतं तेव्हा फायली वाटेत हरवतात म्हणे. माझं आजवर काही हरवलं नाही हो. एक पोथी, एक तांब्या आणि दोन गाढवं. सगळं जागच्या जागी आहे."

*

थोरल्यांचा हातखंडा धडा म्हणजे अमेरिकेतली पहिली निवडणूक. तो चालू असला की मी रंगाचे ब्रश धुवायच्या निमित्ताने वर्गाबाहेर उभा राहायचो.

"राजा नको म्हणून लढले, जिंकले. आता अध्यक्ष निवडायचा. प्रत्येक राज्याने आपले निवडणारे ठरवून द्यायचे. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात सभागृहं दोन. एक म्हणतं, सगळे एकत्र बसून मतं मोजू. दुसरं म्हणतं, आम्ही डोक्यांनी कमी, पण हक्काने बरोबरीचे, आमच्या संमतीशिवाय एकही नाव जाणार नाही. भांडता भांडता मुदत संपली. न्यूयॉर्कचं मतच पडलं नाही." मग थोरले चष्मा काढायचे. "आणि त्या पहिल्या अध्यक्षाने शपथ कुठे घेतली? न्यूयॉर्क शहरात. सगळा देश तिथे जमलेला. यजमान तेवढे मत न दिलेले."

घंटा द्यायला निघालेला चपराशी दारातच थबकला होता. त्या दिवशी शाळा दहा मिनिटं उशिरा सुटली.

*

मग आपलीच पहिली निवडणूक आली. यादी करणारा माणूस थोरल्यांच्या दारात आला. थोरल्यांनी माईंचं नाव पहिलं सांगितलं. धाकट्यांना कळलं, त्यांनी आपल्या वॉर्डाच्या यादीत माईंना घालून थोरल्यांकडच्या नावावर आक्षेप ठोकला. सोबत उन्हाळ्याच्या दिवसांचा हिशेब. थोरल्यांनी धाकट्यांकडच्या नावावर उलटा आक्षेप घेतला. सोबत वंशावळ.

माईंना या अर्जांचा पत्ता नव्हता. त्या एवढंच म्हणत होत्या, "सासऱ्यांनी दरबारात मुजरे केले, ह्यांनी केले. मला आजवर कोणी काही विचारलं नाही. आता विचारणार आहेत म्हणे."

निकाल लागला त्या दिवशी थोरल्यांनी मला जिलबी खाऊ घातली. "मास्तर, आपला आक्षेप मंजूर."

मधल्या सुटीत धाकट्यांनीही खाऊ घातली. "आपला आक्षेप मंजूर."

एका भांडणात दोघं कसे जिंकले, हे विचारायचं मला सुचलं नाही. जिलबी गरम होती.

*

मतदान आमच्याच शाळेत. दोन वॉर्डांच्या दोन खोल्या. बायकांच्या रांगेशी मी यादी घेऊन बसलो होतो. शेजारी मुरैन्याकडचे एक साहेब. ते विचारायचे, "माताजी, पति का नाम?"

आता आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव असंतसं घेते होय? पहिलीनेच पदर सावरला.

"किल्ल्याच्या बुरुजावर उगवला दिनकर, गणपतरावांचं नाव घेते, कागद द्या लवकर."

साहेब म्हणाले, "माताजी, सिर्फ़ नाम।"

पण मागच्या सगळ्या जणी आता मनातल्या मनात जुळवायला लागल्या होत्या. रांग तासभर हलली नाही. दुपारपर्यंत साहेबच म्हणायला लागले, "हाँ, आप सुनाइए।"

*

त्याच रांगेत माई होत्या. ठेवणीतलं जांभळं लुगडं, नाकात नथ. त्यांची पाळी आली. मी यादी पाहिली. मग दुसऱ्या खोलीतली मागवून पाहिली. दोन्हीकडे त्यांच्या नावावर सरळ रेघ होती. दोघांचेही आक्षेप मंजूर झाले होते.

"नीट बघ रे," माई म्हणाल्या.

"बघितलं, माई. नाही आहे."

दोघे भाऊ तिथेच ड्यूटीवर होते. दोघांनी एकदमच मान खाली घातली. माईंनी थोरल्यांना विचारलं, "तुझ्या त्या न्यूयॉर्कचं पुढे काय झालं रे?"

"पुढच्या खेपेला दिलं त्यांनी मत."

"आपल्याकडे पुढची खेप कधी?"

"पाच वर्षांनी, माई."

"मग थांबते," माई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

*

थांबल्या हो. ऐंशी ओलांडली. दोनदा वैद्यांनी आशा सोडली, दोनदा माईंनी वैद्यांना परत पाठवलं. तेवढ्यात मध्य भारत गेलं, मध्य प्रदेश आलं, राजधानी कायमची भोपाळला गेली. थोरल्यांनी न्यूयॉर्कचा धडा शिकवणं सोडलं होतं.

पुन्हा मतदान, पुन्हा आमचीच शाळा. माई दोन्ही सुनांच्या आधाराने आल्या. या खेपेचे साहेब तरुण होते. त्यांनी एक यादी पाहिली, दुसरी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"माताजी, आपका नाम तो दोनों जगह है।"

मी थोरल्यांकडे पाहिलं, ते भिंतीकडे पाहत होते. धाकटे छताकडे. दोघांनी आपापल्या वॉर्डात चुपचाप नाव घातलं होतं, आणि कोणीच आक्षेप घेतला नव्हता.

"एक जगह से काटना पड़ेगा," साहेब म्हणाले. "आप किस बेटे के यहाँ रहती हैं?"

दोन्ही सुना पायाच्या अंगठ्याने माती उकरत होत्या. माईंनी डाव्या हाताच्या खोलीकडे पाहिलं, उजव्या हाताच्या खोलीकडे पाहिलं.

"बेटा, जिधर लाइन छोटी हो, उधर रख लो।"

आणि छोट्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे थोरले उभे राहिले. थोरल्यांच्या मागे धाकटे. दोघांपैकी एकाचं नाव त्या खोलीच्या यादीत नव्हतं, आणि ते त्याला चांगलं माहीत होतं.